वाटप झालं, पोचलं का?

सरकारी योजना फसली की दोन कारणं लगेच पुढे केली जातात: पैसा नव्हता, किंवा पैसा खाल्ला. दोन्ही अनेकदा खरी असतात. पण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात सरकारी सेवा जवळून पाहताना मला तिसरं कारण जास्त वेळा दिसलं. पैसा मंजूर असतो, कायदा चांगला असतो, खुर्चीतला माणूसही बऱ्याचदा प्रामाणिक असतो, आणि तरी सेवा गरजवंतापर्यंत जात नाही. प्रत्येक कार्यालय आपल्या दारातून काय बाहेर पडलं तेवढंच मोजतं. ते पुढे कोणाच्या हातात पडलं, त्याला त्याचा उपयोग झाला का, हे पाहणं कोणाच्याच कामात बसत नाही. सरकारी यंत्रणा कशी चालवली जाते हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, त्यावर मोर्चे निघत नाहीत. पण लष्कराच्या रसदीपासून दिव्यांगांच्या रोजगारापर्यंत सगळं याच एका गोष्टीवर चालतं किंवा अडतं.

याची सर्वांत मोठी किंमत आपल्याच भागाने मोजली आहे. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. त्या युद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. पराक्रमाच्या कथा आपण सांगतो. त्या जवानांची रसद कोणी आणि कशी सांभाळली हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

सैन्य तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत गेलं आणि रसद मागे राहिली. बसरा बंदरात मोठी जहाजं लावायला धड धक्का नव्हता. नदीत चालणाऱ्या उथळ बोटी पुरेशा नव्हत्या. मोहीम चालवत होतं इंग्रजांचं हिंदुस्थान सरकार, आणि तिथे काटकसरीला मान होता. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉनला तुर्कांशी लढाई झाली. मेलेले आणि जखमी मिळून साडेचार हजारांवर माणसं पडली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत नेलं, मग बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने निजवलं. बसऱ्याला पोचायला काही बोटींना दोन आठवड्यांच्या आसपास लागले.

बसऱ्यात इस्पितळ-जहाजावर मेजर कार्टर नावाचे डॉक्टर होते. 'मेजिदिया' ही बोट लांबून येताना त्यांना तिच्या बाजूंनी दोर लोंबल्यासारखे दिसले. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वरून ओघळून वाळलेली विष्ठा होती. हगवणीने बेजार झालेले जखमी जागचे हलू शकत नव्हते. मोडलेल्या हाडांना लाकडाच्या फळक्या बांधलेल्या होत्या, जखमांत किडे पडले होते. आणि याच सुमारास मोहिमेच्या मुख्यालयातून वरती तार गेली होती की जखमींची व्यवस्था समाधानकारक झाली आहे आणि वैद्यकीय विभागाने उत्तम काम केलं आहे. कार्टर यांनी तक्रार केली, तेव्हा नको त्यात नाक खुपसणारा म्हणून त्यांनाच दमात घेण्यात आलं.

ही तार मला फार महत्त्वाची वाटते. ती पाठवणारे सगळे निर्दय होते असं मी मानत नाही. त्यांच्या हिशेबात जखमी बोटीत चढले होते आणि बोटी निघाल्या होत्या. बसऱ्याच्या धक्क्यावर उभं राहून कोण कसा उतरला हे पाहणारा आणि त्याचं म्हणणं वर ऐकलं जाईल असा माणूस त्या साखळीत नव्हता. होता तो कार्टर, आणि त्याचं तोंड बंद करायला निघाले होते. पुढे २९ एप्रिल १९१६ रोजी, तुर्कांच्या १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, तैग्रिसकाठच्या कुट-अल-अमारा इथे या डिव्हिजनने उपासमारीमुळे शरणागती पत्करली. कैदेत गेलेल्यांत आपल्याकडचे किती गेले आणि किती परतले, हे घराघरातल्या म्हाताऱ्यांबरोबर विरून गेलं.

नंतर काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९१६ च्या सुरुवातीला मोहिमेचा ताबा लंडनच्या युद्ध कार्यालयाने घेतला. जनरल मॉड सेनापती झाल्यावर आधी महिनोन्‌महिने बंदर, धक्के, बोटी, रेल्वे आणि इस्पितळं यांवर काम झालं, मग सैन्य हललं. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडलं. नदी तीच होती, उन्हाळा तोच होता, शिपाई त्याच गावांतले होते. त्याच वर्षी या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. खात्यांची व्यवस्था कशी लावली यावर माणसं जगतात किंवा मरतात, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

१९१७ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. युद्धात हातपाय गमावून परतलेल्या जवानांना उद्योग शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. ते आज पुण्यात खडकीला आहे. पुण्यातच १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. पाय गमावलेला जवान लष्करी रुग्णालयातून तिथे जातो, मग पुढचं प्रशिक्षण, पेन्शन, नोकरी. या सगळ्या वेगवेगळ्या संस्था आहेत आणि तिथेही रखडपट्टी होते. पेन्शनची टक्केवारी ठरवण्यावरून न्यायालयात गेलेले माजी सैनिक आपल्या जिल्ह्यात गावोगाव सापडतील. पण एक गोष्ट जमेची असते. त्या जवानाची पलटण असते, रेकॉर्ड ऑफिस असतं, आणि त्याची एकच फाइल असते. तो कोण, त्याला काय झालं, हे त्याला प्रत्येक दारात पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

आता कराडजवळच्या गुऱ्हाळावर काम करणारा एखादा तरुण घ्या. चरकात ऊस सारताना हात ओढला जातो, कोपरापासून जातो. कडबाकुट्टीतही असं होतं. वय पंचवीस, घरी बायको, लहान मूल. याचं पुनर्वसन कोणी करायचं? कायद्याने विचाराल तर उत्तर भक्कम आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण तीनवरून चार टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येकाने स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत. एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत आहे.

प्रत्यक्षात त्या तरुणापुढे दारांची रांग उभी राहते. टक्केवारीचा दाखला आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र, आरोग्य खात्याकडे, तेही डॉक्टरांचं बोर्ड बसेल त्या वारी. कृत्रिम हात कुठल्या तरी शिबिरात, शिबिर लागेल तेव्हा. प्रशिक्षण आयटीआयकडे किंवा एखाद्या संस्थेकडे. कर्ज दिव्यांगांच्या महामंडळाकडे, आणि त्यासाठी जामीनदार. पाच टक्क्यांतली मदत ग्रामपंचायतीकडे. यातलं प्रत्येक दार आपापल्या परीने काम करतं. दाखला देणारा दाखला देतो आणि आकडा वर पाठवतो. शिबिर घेणारा किती साहित्य वाटलं ते कळवतो. प्रशिक्षण देणारा किती जण शिकले ते सांगतो. वर्षअखेरीस जिल्ह्याचा तक्ता भरलेला असतो. आणि या सगळ्यातून गेलेला माणूस वर्षभराने काही कमावतो आहे का, हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

पाटण तालुक्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याचं आणखी अवघड. साताऱ्याला एका कामासाठी यायचं म्हणजे पहाटेची एसटी, सोबत घरातला एक माणूस, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. तिथे कळतं, आज बोर्ड नाही, किंवा एक कागद राहिला. दुसऱ्या खेपेला हिंमत होते. तिसऱ्या खेपेला माणूस म्हणतो, जाऊ दे. कार्यालयाच्या लेखी तो कधी आलाच नव्हता. आला नाही त्याची नोंद कुठे होणार?

जावळीतल्या एका वाडीत मी वाटपातली तीनचाकी सायकल पाहिली आहे. चांगली, मजबूत, हाताने फिरवायची. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दगडी पायऱ्यांची उतरण, मधे ओढा. ज्याला ती मिळाली त्याला दोघांनी उचलून खाली न्यायचं आणि सायकल तिसऱ्याने, मग तो रस्त्यावर ती चालवणार. पहिले काही दिवस तसं झालंही. मग मागच्या चाकाचा टायर फाटला, तो मापाचा टायर मेढ्याला मिळेना, आणि सायकल पडवीत उभी राहिली. त्याला काय हवं होतं हे मी विचारलं. शिलाई मशीन, पायाऐवजी मोटारीवर चालणारं. कारण त्याला शिवण येत होतं आणि वाडीतली बायका-माणसं कपडे शिवायला खाली जात होती. सायकलीच्या किमतीत ते बसलं असतं. पण यादी वरून आली होती, आणि यादीत सायकल होती. वाटपाच्या कार्यक्रमाचा फोटो त्याच्या भिंतीवर लावलेला आहे. त्यात तो हसतो आहे, आणि ते हसू खरं आहे. त्या दिवशी त्याला वाटलं होतं की आता काही तरी बदलेल.

पाच टक्के निधीचंही असंच. आर्थिक वर्ष संपत आलं की अनेक ग्रामपंचायतींना तो आठवतो. मार्चमध्ये घाईने काही हजार रुपये वाटले जातात किंवा भांडी, घोंगड्या. ग्रामसेवकाला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे पन्नास कामं आहेत आणि त्याला विचारलं जातं ते एवढंच: खर्च झाला का? कशावर आणि कोणासाठी, हे कोणी विचारत नाही. जे विचारलं जातं तेच माणूस करतो, लष्करात असो की पंचायतीत.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मला चांगला वाटतो. दाखला किती दिवसांत मिळायला हवा हे त्याने लिहून दिलं आणि न मिळाल्यास अपील दिलं. पण त्या कायद्यानेही शेवटी एकेका कागदाचीच मुदत बांधली. पाच कागदांसाठी पाच मुदती पाळल्या गेल्या आणि सहाव्या दाराशी माणूस अडला, तर कायद्याप्रमाणे कोणाचंच चुकलेलं नसतं.

हे असंच चालायचं, असं म्हणणाऱ्यांना मी मिरजेची आठवण करून देतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये तिथे पाण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यायचं ठरलं. वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीचे डबे, राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन घेतल्या. ११ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी सुटली, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. सुरुवातीला वाघिणी भरण्यातच फार वेळ जात होता, म्हणून मिरजेत नवी जलवाहिनी टाकण्याचं काम रात्रंदिवस चाललं. थोड्याच दिवसांत पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावू लागली आणि पुढचे काही महिने फेऱ्या सुरू राहिल्या. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जाऊन मांजऱ्याच्या खोऱ्यात उतरलं.

यात रेल्वे केंद्राची, पाणीपुरवठ्याचं जीवन प्राधिकरण राज्याचं, दोन जिल्ह्यांची दोन प्रशासनं, लातूरची महापालिका. एरवी या सगळ्यांना एका पाइपवर एकमत करायला वर्ष लागलं असतं. काम झालं, कारण मोजमाप मिरजेत होत नव्हतं. मिरजेतून किती सोडलं याला कोणी विचारत नव्हतं. लातुरात किती उतरलं हा आकडा रोज मंत्रालयापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळे पाहत होते. मधल्या कुठल्याही टप्प्यावर उशीर झाला तर त्याच दिवशी दिसत होता आणि कोणाकडे झाला तेही. खर्च फार झाला, हा कायमचा उपाय नव्हता, हे आक्षेप मला मान्य आहेत. मी इथे फक्त एवढंच म्हणतो की तीच खाती, तेच नियम आणि तीच माणसं असताना काम होऊ शकलं.

आणि तीन वर्षांनी, त्याच सांगली जिल्ह्यात, ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची बोट उलटली. सतरा जणांचा जीव गेला. बोट ग्रामपंचायतीची होती, तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने साडेसत्तावन्न फूट गाठले होते. बाहेरून पथकं आली, लष्कर आलं, नौदल आलं, त्यांनी हजारो माणसं काढली. पण पाणी चढत असताना कुठल्या गावाला बोट पोचली आणि कुठलं गाव स्वतःच्या बोटीवर सोडलं गेलं, हे एका ठिकाणी बसून पाहणारा माणूस हवा होता. ब्रह्मनाळच्या लोकांनी वाट पाहिली नाही हा त्यांचा दोष नाही.

लष्कराचं सगळं उत्तम आणि नागरी प्रशासनाचं सगळं वाईट, असं मी म्हणत नाही. लष्करासाठी शस्त्रं, दारूगोळा आणि कपडे बनवणारे ४१ सरकारी कारखाने दशकानुदशकं एकाच मंडळाखाली होते. लष्कर हे त्यांचं बांधलेलं गिऱ्हाईक, माल कसाही असो, घ्यायचा. महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये सांगितलं की १५२ पैकी ६१ प्रकारचा दारूगोळा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नाही. पुढच्या एका अहवालात सियाचिनसारख्या उंचीवरच्या जवानांचे बूट, गॉगल आणि कपडे यांच्या तुटवड्याबद्दल गंभीर ताशेरे होते. सातारा जिल्ह्यातल्या आयांची मुलं तिथे उभी असतात, म्हणून हे वाचताना पोटात कालवतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून ते मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. कामगार संघटनांनी विरोध केला, आणि त्यांची भीती निराधार नव्हती. माझा मुद्दा एवढाच की मंडळाची कंपनी केल्याने आपोआप काही सुधारत नाही. पुढच्या चौकीवरचा जवान बूट खराब निघाला म्हणतो, तेव्हा त्याचं म्हणणं कारखान्यापर्यंत किती दिवसांत जातं आणि तिथे कोणाला उत्तर द्यावं लागतं, यावर ते ठरेल. सेवा खाजगी कंत्राटदाराकडे द्या म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे. कंत्राटदाराचं बिल कशावर निघणार? किती वाटलं यावर निघणार असेल, तर फरक फक्त पाटीचा.

जागा रिकाम्या आहेत, माणसं नाहीत, हे उत्तर मला प्रत्येक कार्यालयात मिळतं आणि ते खरं आहे. चांगला अधिकारी येतो, वर्ष-दीड वर्षात कामाला गती येते, बदली होते, आणि नवा माणूस पहिल्यापासून सुरू करतो, हेही खरं. म्हणूनच एखाद्या कर्तबगार साहेबाच्या भरवशावर मला काही मागायचं नाही. माझी मागणी लहान आहे. अपघाताने किंवा आजाराने दिव्यांगत्व आलेल्या कमावत्या वयाच्या माणसाची जिल्ह्यात एकच फाइल असावी. ती सांभाळणारा एक माणूस नावानिशी ठरलेला असावा. दाखला, अवयव, प्रशिक्षण, कर्ज ही कामं त्या-त्या खात्यानेच करावीत, पण फाइल खात्याच्या सहीने बंद होऊ नये. काम सुरू होऊन सहा महिने झाल्यावर, त्या माणसाच्या सहीने ती बंद व्हावी. लष्करात डेपोतून सामान निघालं म्हणून व्यवहार संपत नाही. पलटणीने माल मिळाल्याची सही करून कागद परत पाठवावा लागतो. लष्कराकडून हुकूम नको, शिस्तीचे धडे नकोत, एवढी एक सवय हवी.

माणसं कुठून आणायची, याचं उत्तर सातारा जिल्ह्याकडे तरी आहे. इथे दरवर्षी कितीतरी हवालदार आणि सुभेदार चाळिशीत पेन्शनवर घरी येतात. त्यातल्या काहींनी उभी नोकरी क्वार्टरमास्टरच्या, म्हणजे पलटणीच्या सामानसुमानाच्या, स्टोअरमध्ये काढलेली असते. कुठला माल कुठे अडला हे त्यांना कागद बघून कळतं, आणि साहेबासमोर उभं राहून विचारायला ते बिचकत नाहीत. आज त्यातले बरेच जण एखाद्या बँकेच्या किंवा कंपनीच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभे आहेत, कारण माजी सैनिकाचं पुनर्वसन म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा तेवढंच होतं. प्रत्येक तालुक्याला असे दोघे-तिघे मानधनावर घ्यावेत. त्यांना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला जोडावं, पण त्यांचा अहवाल थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जावा, म्हणजे कार्टरसारखं त्यांचं तोंड कोणाला बंद करता येणार नाही. मानधनाचा भार जिल्हा परिषदेच्या पाच टक्के निधीवर टाकू नये. तो पैसा दिव्यांगांचा आहे. जिल्हा नियोजनातून तरतूद करावी. पहिल्या वर्षी सगळा जिल्हा घ्यायची गरज नाही. पाटण आणि जावळी घ्यावेत, कारण तिथून साताऱ्याचं अंतर सर्वांत जास्त भोवतं, आणि वर्षाच्या शेवटी तक्त्यात तो एक रकाना वाढवावा: किती जण कमावते झाले.